काळ्या कागदातली बाटली

सबनीस सर गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत मोर्चाची पत्रकं दुमडत होते. एक सोडलं तर माझं प्रत्येक पत्रक सर छापण्याआधी वाचत. हे नवं मात्र मी त्यांना दाखवलंच नव्हतं... दाखवायची हिंमत नव्हती.

आमच्या नाल्याचं लाल पाणी घेऊन मी नौपाड्यातल्या त्यांच्या गच्चीवर पहिल्यांदा गेले होते. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ऊन पडलं की कामाला लागणारी पांढरी पूड पाण्यातला रंग आणि सेंद्रिय विष तोडू शकते का, हे तपासत होते. दोन बाटल्यांत तेच पाणी, तीच पूड. एक उन्हात, दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली. ‘‘दुसरी कशाला?’’ ‘‘पहिली खोटं बोलतेय का, ते ती सांगते,’’ सर म्हणाले. दुपारी पूड तळाशी बसली आणि उन्हातलं पाणी नितळ दिसलं. मी फोटो काढला. ‘‘अगं, दुसरी उघडायचीय अजून.’’ ‘‘तुम्ही बाटल्या उघडत बसा सर, तिकडे लोक मरतायत,’’ म्हणत मी निघाले. दुसऱ्या दिवशी पत्रक छापून आलं : ‘ऊन फुकट आहे, मग नाला लाल का?’ खाली नितळ बाटलीचा फोटो आणि ओळ : ‘पांढरी पूड, थोडं ऊन, पाणी शुद्ध.’ संध्याकाळी सरांचा फोन. अंधारातलं पाणीही नितळ निघालं होतं. म्हणजे उन्हाने काहीच तोडलं नव्हतं, पुडीने रंग नुसता धरून ठेवला होता. ‘‘दुरुस्ती छाप.’’ ‘‘आत्ता? कारखानदार हसतील. मोर्चा होऊ दे.’’

एक मोर्चा झाला, मग दुसरा. मध्येच कळलं, आंबिवलीकडचे तुकारामदादा रंगाच्या दुकानातली पांढरी पूड नाल्याच्या पाण्यात कालवतात आणि वरचं नितळ पाणी मेथीला घालतात. आम्ही दोघं गेलो. ‘‘तुमच्याच कागदात हाय ना, ताई?’’ पत्रक त्यांनी प्लास्टिकमध्ये जपून ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, ‘‘चूक माझी. ही मेथी उपटावी लागेल.’’ ‘‘सगली?’’ ‘‘सगळी.’’ आणि स्वतः वाफ्यात वाकले. परतताना रिक्षात एवढंच म्हणाले, ‘‘मी आहे तोवर दुरुस्ती छाप.’’ मी छापली नाही.

आज छापते. आमच्या पत्रकातला तो दावा चुकीचा होता. ते पाणी शुद्ध झालेलं नव्हतं. कारखानदारांना हसायचं तर हसू दे. नाला त्यांच्याच पाण्याने लाल आहे, हे त्यामुळे खोटं ठरत नाही.

परवा काकूंनी गच्चीवर बोलावलं. सरांनी नवी पूड घालून मांडलेली बाटल्यांची शेवटची जोडी तशीच होती. उन्हातली बाटली नितळ. काळा कागद आम्ही दोघींनी सोडला... आतलं पाणी लालच.

‘‘म्हणजे जमलं ह्यांना?’’ काकूंनी विचारलं.

मोबाइल माझ्या हातात होता. तो मी पर्समध्ये टाकला. ‘‘एकदा बघून नाही सांगता यायचं, काकू. आणि रंग गेला म्हणजे विष गेलंच असं नाही. परत करून बघू.’’

बाटल्या धुतल्या, नाल्याचं पाणी भरलं, पूड घातली. एक उन्हात ठेवली. दुसरीला सरांचाच काळा कागद, त्यांच्याच घड्यांवरून, पुन्हा गुंडाळला.