खळ्यावरची गाडी

गाडीत राहायला लागलं की सगळ्यात आधी एक गोष्ट कळते. जमीन कुठेच सपाट नसते. डोळ्यांना दिसते, पण आडवं झालं की रक्त डोक्याकडे उतरतंय असं वाटतं आणि सकाळी मान धरलेली असते. मग चाकांखाली फळ्या सारायच्या, ताटलीत पाणी ओतून ते कुठल्या कडेला धावतंय ते बघायचं आणि गाडी पुन्हा पुढे-मागे घ्यायची. बायको ताटली धरून आत, मी स्टिअरिंगवर. "अहो, माझ्या बाजूला सांडतंय. अजून थोडं मागं."

हे आम्ही पारनेर तालुक्यात, आमच्या वस्तीवरच्या जुन्या खळ्यावर शिकलो. खळं घरापासून लांब, विहिरीच्या अंगाला. घराचं अंगण उताराचं आहे, तिथे गाडी नीट उभी राहणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं होतं.

गाडी म्हणजे एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस. कंपनीतून मला वेळेआधी मोकळं केलं तेव्हा आम्ही नगरला, सावेडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये होतो. दोन खोल्या, गॅलरी, लिफ्ट. त्याच उन्हाळ्यात धाकटा भाऊ आला, चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवेना, आणि शेवटी म्हणाला, "दादा, आता आईला थोडे दिवस तुझ्याकडं ने. कायमची ठेव म्हनत न्हाई मी. पर हिची कंबर गेलीय. आईला उठवायचं, न्हाणीत न्यायचं, समदं हिच्याच अंगावर."

मी म्हणालो, "बघू."

वडील गेल्यापासून आई त्याच्याकडेच होती. इतक्या वर्षांत त्याने हे पहिल्यांदा मागितलं. आणि मी काय केलं, तर पावसाळा संपायच्या आत फ्लॅट सोडला आणि ती बस घेतली. लोकांना सांगितलं, आयुष्यभर फिरायचं राहून गेलं. पण पहिलं वर्ष लांब जायचं नाही, आईच्या डोळ्यांसमोर राहून हे राहणं शिकून घ्यायचं. सगळ्यांनी वाखाणणी केली. आईजवळ राहायला आला म्हणाले.

खरं इतकंच आहे की आईला ठेवायला जागा नसावी म्हणून मी ते चाकांवरचं घर घेतलं. एवढं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. आईला वाचता येत नाही, म्हणून तरी लिहू शकलो.

मला आईचा राग नव्हता. तिच्या अंगाला येणारा वास, ओली गादी, माझ्या हाताला धरून तिने न्हाणीत बसणं, ह्याची मला भीती होती. भावाला ती नसेल का? हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही.

बस आतून घर करायला नगरच्या एका मिस्त्रीकडे दिली होती. बाकं काढून पलंग, ओटा, दोन शेगड्या, छपरावर सोलरची पाटी, पाण्याची टाकी. मिस्त्री दारापाशी उकिडवा बसून म्हणाला, "सायेब, शाळेची गाडी हाय, लेकरांसाठी खाली जादा पायरी दिल्याली हाय. कच्च्या रस्त्याला ती खाली घासंल. काढून टाकू? घरात म्हातारं मानूस असंल तर मात्र ऱ्हाऊ द्या."

"काढा," मी म्हणालो.

त्याने दोन बोल्ट खोलले आणि पायरी भंगारात भिरकावली. तिचा आवाज अजून कानात आहे.

खळ्यावरचे पहिले महिने शिकण्यात गेले. टाकीतलं पाणी किती बेतानं वापरायचं, भांडी ओल्या फडक्यानं आधी पुसायची आणि मग धुवायची. धुण्याचं पाणी नळीने शेवग्याला सोडायचं. संडासाची पेटी भरली की ओढून काढायची आणि घरामागच्या शोषखड्ड्यात रिकामी करायची. ती पेटी घेऊन मी घरावरून जायचो तेव्हा भाऊ मुद्दाम उठून उभा राहायचा. "या, या. साहेबांची बॅग आली." भावजय तोंडाला पदर लावून हसायची. एकदा तो गाडीत डोकावून म्हणाला, "दादा, चुलीला खेटून संडास! आरं, पाथर्डीकडनं ऊस तोडायला येत्यात त्यांच्या कोपीतसुदीक असं नसतंय."

मीही हसलो. दुसऱ्याच्या घाणीपासून पळालो आणि स्वतःची डब्यात घालून रोज त्याच माणसासमोरून नेत होतो.

सगळ्यात कडक नियम शेगडीचा. बंद गाडीत काही उतू गेलं, सांडलं, की फळीत मुरतं, वास धरतं, मुंग्या लागतात. त्यामुळे दुधापाशी उभं राहायचं, हलायचं नाही. हे काम माझं होतं. दूध वर चढायला लागलं की माझा हात आपोआप बटणावर जायचा.

आई रोज काठी टेकत बांधापर्यंत यायची. तिथून गाडीकडे बघत बसायची. एके दिवशी बायकोला म्हणाली, "काय गं, दूध उतू घातलं का न्हाई ह्या घरात?"

"नाही आत्या. गाडीची पूजा केली, लिंबू चिरडलं चाकाखाली."

"ते गाडीचं झालं. घराचं ऱ्हायलं की. दूध उतू गेल्याबिगर घर होत न्हाई. मी घालते. माझ्या लेकाचं घर हाय, मीच घालनार."

तिला आत यायचं होतं. आधी म्हणाली, बसायचंय. मग म्हणाली, तुमचा पलंग कसा हाय बघायचाय. शेवटी दुधाचं निघालं. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "आई, दार उंच आहे. पाय चढायचा नाही तुझा. थोडं थांब, काहीतरी करतो."

"तूच घे की हात धरून."

"करतो म्हटलं ना."

दार खरंच उंच होतं. मीच ते उंच केलं होतं. आणि हात धरून घेतली असती तर आली असती, हेही खरं. पण आत आली की पलंगावर बसेल, पलंगावर बसली की म्हणेल बरं हाय, आणि बरं हाय म्हणाली की भाऊ आशेनं माझ्याकडे बघेल. ते बघणं मला नको होतं.

त्या दिवशी मी आणि बायको सिलिंडर आणायला पारनेरला गेलो होतो. दाराला नुसती कडी होती. आईने गोठ्यातून दुधाची किटली घेतली आणि खळ्यावर आली. टोमॅटोचा एक रिकामा क्रेट होता, तो दारापाशी पालथा घातला, त्यावर पाट ठेवला. एवढं सगळं तिने एकटीने केलं. काठी दाराला टेकवली असेल, एक हात दाराच्या दांड्याला, एका हातात किटली. पाट सरकला.

आम्ही आलो तेव्हा भावजय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ दवाखान्यात न्यायला जीप बघायला पळाला होता. दूध मातीत जिरून गेलं होतं, नुसता ओला डाग होता. आई मला बघून म्हणाली, "क्रेट मोडला का रं बाबा?"

खुबा मोडला होता. नगरला ऑपरेशन झालं, आई घरी आली, पण पुन्हा उभी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असं होतं. मी मान हलवली.

नंतर मी गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. पायरी अजून भंगारात पडली होती, गंजलेली. बसवताना तो म्हणाला, "तवा तर काढा म्हनले. आता कोन आलं म्हातारं?"

मी त्याला दुसरा बोल्ट दिला. त्याने वर बघितलं, मग बोल्ट आवळत राहिला.

परत येताना गाडी खळ्यावर नेली नाही. अंगणात घेतली, आईच्या खिडकीला खेटून. फळ्या घातल्या, ताटली ठेवली. थोड्या खटपटीत पाणी ताटलीत थांबलं. भाऊ ओट्यावर बसून बघत होता. "उतार कुठं गेला रं?" एवढंच म्हणाला. थट्टा नव्हती त्यात.

तेव्हापासून मी आईच्या खोलीत, तिच्या खाटेशेजारी खाली झोपतो. सगळं करतो. ज्याची भीती होती ते दोन दिवसांत सवयीचं झालं. हे आधी कळलं असतं तर, असं म्हणायलाही मला जागा नाही. भाऊ ते वर्षानुवर्षं माझ्यासमोर करत होता.

एकदा आईची कूस बदलताना मी भावाला सांगून टाकलं. फ्लॅट का सोडला, पायरी कशी काढली, सगळं. आई गुंगीत होती. तो ऐकत होता, हात तिच्या पाठीखाली तसेच. म्हणाला, "म्हाईत हाय. फ्लॅट सोडलास तवाच कळलं. आता पाय धर तिचा, आवघडतीय ती." मी पाय धरला. पुन्हा आम्ही त्यावर बोललो नाही. तो आता मला दादा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नुसतं बोलतो.

आईला अजून सांगितलेलं नाही.

परवा दुपारी तिला जरा हुशारी होती. मी म्हणालो, "आई, पायरी बसवलीय. आम्ही दोघं उचलून नेतो तुला गाडीत. दूध घाल उतू."

"मढ्यावानी उचलून नगं नेऊस मला. पायानं आले असते ती गोष्ट येगळी." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तू जा. तू घाल. खिडकीतनं वास आला तरी कळंल मला."

मी गाडीत गेलो. पातेल्यात दूध ठेवलं, दार आणि खिडकी उघडी टाकली. बायको बाहेर पायरीवर बसून होती. साय धरली, कडा थरथरल्या, दूध फुगून वर आलं, काठाशी आलं. आणि माझ्या हाताने बटण बंद केलं. मी ठरवलं नव्हतं. दूध खाली बसलं. ओटा स्वच्छ होता.

परत आलो तेव्हा आई डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "गेलं?"

हो म्हणणं सोपं होतं. पडल्या जागेवरून तिला ओटा दिसत नव्हता.

"नाही आई. मी गॅस बंद केला."

"का?"

"सवय."

तिने डोळे उघडले. मग हात उचलून खिडकीकडे केला.

"पेटव मग पुन्हा," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं.