ती गोळी

मेडिकलच्या काउंटरपाशी एक मुलगी कधीची उभी होती. येईल त्याला म्हणायची, "आधी तुम्ही घ्या."

दुकानदाराने हटकलं, "काय गं, बाबांच्या बीपीच्या गोळ्या ना?" तिने मान डोलावली, त्या घेतल्या, तरी हलेना.

मी जवळ जाऊन कुजबुजले, "दिवस राहू नयेत म्हणून घेतात, ती गोळी हवीय?" तिचे डोळे भरून आले.

ती गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी बरी. पण आमच्या गावातला औषधवाला आधी बापाला ओळखतो, मग मुलीला.

मला कसली भीती? केस पिकले, नातवंडं झाली. तरातरा पुढे गेले, तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या आळीतले गुरुजी येऊन मागे उभे राहिले.

मी बाजूला सरले. म्हणाले, "आधी तुम्ही घ्या."