ब्रेड कोणता आणू?

सोप्या गोष्टीचा गुंता करून दाखवण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यांतही असेल असं मला वाटत नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइन दुरुस्त करत हिंडले, निवृत्त झाल्यावर देवळाली कॅम्पात घर बांधलं आणि त्या घराच्या फाटकाला घंटेची दोन बटणं बसवली. एक घरच्यांसाठी, एक परक्यांसाठी. कोणतं कोणासाठी हे तिथं लिहिलेलं नाही, कारण लिहिलं तर परकेही घरच्यांचंच दाबतील, असं त्यांचं म्हणणं. मी कोणतंही दाबलं तरी आतून आवाज येतो, "मास्तर, दुसरं!" साडू हा घरचा की परका याबद्दल माझ्या मनात अजून गोंधळ आहे, आणि तो त्यांनी मुद्दाम ठेवलाय असा मला संशय आहे.

टेलिफोन खातं सुटलं तरी लाइन सुटली नाही. बायकोशी, म्हणजे आमच्या ताईंशी, अबोला झाला की "घरची लाइन डाउन आहे" असं ते मला फोनवर सांगतात. बाजारात कलिंगड घेताना लोक टिचकी मारतात. साडू कलिंगड उचलून कानाला लावतात, डोळे मिटतात आणि "हे एंगेज आहे" म्हणून परत ठेवतात. विक्रेताही आता सरावलाय. "काका, ह्ये लागंल बघा, रिंग जाती," असं म्हणून तो दुसरं पुढं करतो. सिन्नरला जायचं असलं की देवळालीहून जवळच्या रस्त्यानं न जाता हे आधी उलटे नाशिकला येतात, माझ्याकडे चहा घेतात आणि मग सिन्नरची बस धरतात. का, असं एकदा विचारलं, तर त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. आकृती पाहिल्यावर मला आधी जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं झालं.

पण या माणसाची खरी लाइन एकच. दारणेच्या काठावर बसून मासे धरणं. लहानपणापासूनचा नाद. गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा, ज्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात, तो काठीवरून सोडायचा आणि उजव्या हाताच्या तर्जनीवर हलकेच टेकवून बसायचं. पाण्यावर तरंगा लावायला त्यांचा ठाम विरोध. "तरंगा बघून मासा ओळखणं म्हणजे दुसऱ्याच्या फोनला कान लावण्यासारखं आहे, मास्तर. मासा आपल्याशी बोलला पाहिजे." आणि तो बोलायचाही. बोटावरच्या थरथरीवरून हे सांगायचे, हा राहू, हा नुसता हुंगतोय, ही शिंगटी, हिला आमिष नको, भांडण हवंय. पकडलेल्या माशांपैकी निम्मे ते परत सोडून देत. त्यांना मासा खायची हौस नव्हती, त्याचं बोलणं ऐकायची होती.

मग साखरेनं घात केला. मधुमेह जुनाच होता, पण अलीकडे बोटं बधिर व्हायला लागली. शर्टाची बटणं नीट लागेनात. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, शर्ट डोक्यातून घालायला लागले. पण एका रविवारी आम्ही दारणेवर बसलो होतो, ते मला पिंपळगावच्या कांद्याच्या भावामागचं गुपित सांगत होते, आणि त्यांच्या बोटाखालून तंगूस सरसर पळायला लागला. मी ओरडलो तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मासा गेला होता. ते बराच वेळ आपल्या तर्जनीकडे बघत राहिले, ड्यूटीवर झोपलेल्या माणसाकडे साहेबानं बघावं तसे. "मास्तर," ते म्हणाले, "यानं मला सांगितलंच नाही." मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. बोट गेलं तर त्यांचा रविवार जाणार होता, आणि रविवार गेला तर या माणसाजवळ काय उरणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी फोन आला. "मास्तर, नाशिकहून येताना ब्रेड आणा. आठचा आणा, चारचा नको. हिरवा मिळाला तर उत्तम. आणि घेताना ताणून बघा, ताणला गेला तर घेऊ नका." फोन बंद. उलट विचारलं असतं तर आकृती निघाली असती, म्हणून मी निमूट बेकरीत गेलो. चारचा आणि आठचा म्हणजे स्लाइस असाव्यात असा माझा कयास. बेकरीवाल्याला हिरव्याबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "सर, हिरवा आमच्याकडे फक्त पावसाळ्यात मिळतो, तोही चुकून." मी ब्राउन ब्रेडचा पुडा घेऊन दोन्ही बाजूंनी ताणायला लागलो, तेव्हा त्यानं तो माझ्या हातून हळूच काढून घेतली आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

देवळालीला पिशवीतून पुडा काढला तशा ताई भडकल्या. "ह्यांना साखर आहे, माहीत असून ब्रेड आणलात?"

साडूंनी पुडा उलटसुलट करून पाहिला. "हा ब्रेड नाही, हा पाव आहे."

"पाव कसा? पाव वेगळा, हा ब्रेडच आहे," मी म्हणालो.

"मास्तर, ब्रेड म्हणजे वेणी! इंग्रजी शिकवता ना शाळेत?"

मी इतिहास शिकवतो, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मग कळलं की बारीक धाग्यांची वेणी घालून केलेला मासेमारीचा एक दोरा असतो आणि त्याला ब्रेड म्हणतात. तंगूस रबरासारखा ताणला जातो, त्यामुळे माशाचा धक्का वाटेतच विरतो. ब्रेड ताणला जात नाही. तिकडे माशानं नुसतं हुंगलं तरी इकडे बोटाला कळतं. "बोट बहिरं झालं तर समोरच्यानं जोरात बोलायचं," साडू म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मी आणलेला ब्रेड त्यांनी वाया जाऊ दिला नाही. त्याच्या गोळ्या करून गळाला लावल्या.

पुढच्या खेपेला दोरा घ्यायला मला बरोबर नेलं. भद्रकालीतल्या एका गल्लीत गळांचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "काका, आठ पदरी घ्या, एकदम मख्खन." साडूंनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात देऊन मला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. मी मासा. मी हलकेच ओढायचं, त्यांनी डोळे मिटून ओळखायचं. मी ओढलं. ते गप्प. पुन्हा ओढलं. "ओढा की!" ते ओरडले. शेजारचा भांडीवाला बाहेर आला. "मोजणी चाललीय का साहेब? रस्ता मोठा करताय? आमचं दुकान जाणार हाय का?" मी मासा आहे, एवढंच मला सुचलं आणि तेच मी बोललो. मग चार पदरी दोरा लावला. मी जेमतेम करंगळी हलवली असेल, तोच गल्लीच्या त्या टोकाला साडूंचा चेहरा फुलला. "आला! आला! मास्तर, पुन्हा!" आठ पदरी गुळगुळीत असतो, त्यामुळे तोंडातल्या तोंडात बोलतो, चार पदरी खरखरीत, तो ओरडून सांगतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे चारचा नको, आठचा आणा, असं मला फोनवर ज्या ठामपणे सांगितलं होतं, त्याच्या नेमकं उलट. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे.

दोरा घरी आल्यावर गुंता वाढला. काठीवर दोरा गुंडाळायची चकरी असते, तिच्या गुळगुळीत अंगावर ब्रेड जागच्या जागी फिरतो, म्हणून आधी चकरीवर थोडा तंगूस गुंडाळायचा. ब्रेड पाण्यात माशाला दिसतो, म्हणून गळाच्या टोकालाही हातभर तंगूस जोडायचा. "म्हणजे तंगूस नको म्हणून ब्रेड आणला, आणि आता खाली तंगूस, वर तंगूस, मध्ये ब्रेड?" मी विचारलं. ताई आतून म्हणाल्या, "उलटं सँडविच." गाठ ओली करूनच आवळायची, नाहीतर जळते. दोरा दातानं तोडायचा नाही, कात्रीच लागते. हा नियम मला सांगण्याआधी त्यांनी दातानं प्रयोग करून पाहिला होता. त्यांची कवळी दोन दिवस दुरुस्तीला होती.

आणि मग ते झालं. पहिल्याच रविवारी मोठा कटला मासा लागला. साडूंना कळलं, बोटालाच कळलं, आणि आनंदाच्या भरात त्यांनी पळता दोरा बोटानं आवळून धरला. घरी येऊन चहा घेताना ताईंनी कपाच्या कानाला रक्त पाहिलं. तर्जनी चांगली खोल कापली होती आणि साडूंना पत्ता नव्हता. माशाचा निरोप सांगणाऱ्या दोऱ्यानं बोट चिरलं, ते मात्र त्या बोटानं सांगितलं नाही. ताईंनी चकरी उचलली आणि कपाटात कुलूपबंद केली. "बोटाला कळत नाही, तर बोटानं धरायचं नाही. संपलं." साखरेच्या माणसाची जखम चिघळली तर बोटावर भागत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा त्या रडत होत्या. ताईंचं बरोबर होतं, आणि आत पट्टी बांधून बसलेल्या माणसाचंही काही चुकलेलं नव्हतं.

जखम भरली, पण साडू गप्प झाले. मी बटण दाबलं तर "दुसरं!" असा आवाजही येईना. एकदा तर दार नुसतं उघडलं गेलं. मी पुरता घाबरलो.

मग एके दिवशी फोन. "मास्तर, तिच्या वाक्यात पळवाट सापडली. बोटानं धरायचं नाही, असं म्हणाली. दुसऱ्या कशानं धरायचं नाही, असं म्हणाली नाही." रविवारी दारणेवर गेलो तर ताईही काठावर सतरंजी टाकून बसलेल्या, कात्री मांडीवर. वेळ आली तर दोरा कापायला त्या जवळ बसणार, याच अटीवर कपाट उघडलं होतं. काठी बेचक्यात रोवलेली, साडूंच्या बोटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. आणि हा गृहस्थ मान कलती करून, पाण्याकडे जाणारा ताठ दोरा हलकेच गालाला टेकवून, डोळे मिटून बसलेला. लहानपणी आम्ही दोन काड्यापेट्यांना दोरा बांधून टेलिफोन करायचो, तसा.

"लागला का?" ताईंनी विचारलं.

"शू. बोलतोय."

जोराची ओढ आली की गाल बाजूला घ्यायचा, असं ताईंना वचन दिलेलं होतं. त्या दिवशी ओढ आलीच नाही. माशानं हुंगलं आणि तो निघून गेला, पण साडूंचा चेहरा गल्लीतल्यासारखा फुलला होता. त्यांनी मला जवळ बोलावून दोरा माझ्या गालाला लावला. काहीतरी थरथरत होतं खरं. ते पाणी होतं, वारा होता, मासा होता की माझीच नाडी होती, मला काही कळलं नाही.

"अजून तुमची बोटं शाबूत आहेत," ते म्हणाले, "म्हणून गालाला काम नाही."

"आणि गालाचंही कमी झालं तर?" मी न राहवून विचारलं.

"दुसरा आहे की."

ताई हसल्या आणि लगेच पाण्याकडे बघायला लागल्या. ऊन उतरल्यावर आम्ही उठलो. काठ निसरडा होता, म्हणून मी साडूंचा हात धरला आणि नको इतका घट्ट धरला. बोटांना कळणार नाही या भरवशावर मी तो वर आल्यावरही तसाच धरून ठेवला. फाटकाशी आल्यावर ते थांबले.

"मास्तर, सोडा आता. बोटांना नाही, पण खांद्याला कळतंय."

मी हात सोडला आणि उगाचच एक बटण दाबलं. घरात कोणीच नव्हतं. साडू माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "दुसरं."