सिंकवाली कम्प्युटर लॅब

कॉलेजात नोकरी केलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, जुन्या प्रश्नपत्रिका आणि किस्से. प्रश्नपत्रिका मी रद्दीत दिल्या. किस्से रद्दीवाला घेत नाही, म्हणून चार मित्र जमले की तेच काढून बसतो.

माझे सगळे किस्से एकाच खोलीतले आहेत. मी यवतमाळचा; आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत कारकुनी करणारे. शिकवायला मात्र मी रोज जीपने दारव्ह्याला जायचो. तिथल्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी. कम्प्युटर सुरू झालं ते कपाशीच्या वाईट दिवसांत. बोंडअळी, पडलेला भाव, खरेदी केंद्रावरच्या रांगा आणि वरून दिवसाचं भारनियमन. कोर्सला परवानगी मिळाली होती तीनच वर्षांची. पहिल्या बॅचचा निकाल बघून विद्यापीठ पुढचं ठरवणार होतं. कोर्स बंद पडला असता तर पुढच्या पोरापोरींना यवतमाळ गाठावं लागलं असतं, आणि निम्म्या मुलींना घरच्यांनी तेवढ्या लांब पाठवलंच नसतं. म्हणून काहीही झालं तरी हा कोर्स टिकवायचा, असं मी आणि आमचे शिपाई नामदेवभाऊ या दोघांनी ठरवून टाकलं. बाकी कॉलेजात कोणी तसं ठरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खोली होती गृहअर्थशास्त्राची. ओटा, सिंक, डब्यांच्या फळ्या, सगळं तसंच ठेवून मधे आठ कम्प्युटर मांडले होते. गृहअर्थशास्त्राच्या गावंडे मॅडम दर सोमवारी टेप घेऊन यायच्या आणि ओटा मोजायच्या.

"चालू द्या सर तुमचं. मी फक्त मोजून ठेवते. तुमची तीन वर्षं झाली की मले इथं ओव्हन बसवायचा आहे."

ओट्याची लांबी काही वाढत नव्हती, पण मॅडमचा सोमवार कधी चुकला नाही.

*

पहिल्या वर्षी पोरंच मिळेनात. मी दोन महिने पत्रकं वाटून चार नावं आणली. नामदेवभाऊ म्हणाले, "पत्रकं राहू द्या सर. बाजाराच्या दिवशी माह्यासोबत चला."

बाजारात त्यांनी मला एका खाटेवर बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून कोर्स समजावायला सुरुवात केली. कम्प्युटरला त्यांनी तोपर्यंत हातही लावलेला नव्हता.

"काका, कपाशीले अळी लागते. कम्प्युटरले लागते का?"

"नाई लागत."

"पाऊस नाई आला तं वाळते का?"

"नाई."

"मंग पोट्ट्याले कायले वावरात ठेवता? पाठवा इकडं."

संध्याकाळपर्यंत वहीत अठरा नावं झाली. माझी चार धरून!

*

दुसऱ्या वर्षी कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि आठही मशीन बंद पडल्या. नेमके त्याच दिवशी बाजारातले ते काका पोराची चौकशी करायला आले. त्यांचा प्रफुल्ल आमच्याकडेच शिकत होता.

"काहून नामदेव, तू तं म्हनत होता याले अळी लागत नाई?"

नामदेवभाऊंनी टोपी सारखी केली.

"लागली ना जी. पन याची फवारणी इथंच शिकवून राह्यले. थो पाहा तुमचा पोरगा, दुसरीच मशीन साफ करून राह्यला."

काका खिडकीत उभे राहून अर्धा तास बघत होते. आत प्रफुल्ल इतक्या गंभीर चेहऱ्याने बसला होता की मलाही हसायची हिंमत झाली नाही.

*

मग प्राचार्यांनी सुरक्षा मनावर घेतली. लॅबच्या मशीनला मी पासवर्ड लावला आणि रीतीप्रमाणे त्यांना कळवला. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. वर ठळक अक्षरात 'गोपनीय'. खाली मजकूर असा: लॅबच्या संगणकांना पासवर्ड लावण्यात आला आहे, तो कोणासही सांगू नये, पासवर्ड पुढीलप्रमाणे आहे.

त्याखाली सगळ्या स्टाफच्या सह्या. ग्रंथपाल आणि क्रीडाशिक्षकसुद्धा सुटले नव्हते. मी तडक केबिनमध्ये गेलो.

"सर, हे काय झालं?"

"हे बघा, सही झाली की जबाबदारी त्यांची. उद्या कोणी म्हणायला नको, आम्हाला कळवलंच नव्हतं."

मी पासवर्ड बदलला. रीतीप्रमाणे त्यांना कळवला. आठवड्याने शुद्धिपत्रक निघालं.

*

भारनियमनाची वेळ दर महिन्याला बदलायची, पण कशीही बदलली तरी आमच्या प्रॅक्टिकलवरच यायची. मला त्याचा फार राग यायचा. शेवटी एकदा मी पोरांना मैदानात उभं केलं. एकेक पोरगं म्हणजे कम्प्युटरमधला एकेक आकडा. शेजारच्याशी उंची ताडून बघायची, बुटक्याने पुढे यायचं, उंचाने मागे जायचं, आणि सगळी रांग लागेपर्यंत हेच करत राहायचं. कम्प्युटर आकड्यांची क्रमवारी लावतो ती साधारण अशीच.

त्याच वेळी संगीताचे वडील आले. ही पोरगी वर्गात सगळ्यात पुढे होती. पण पुढच्या वर्षी तिला पाठवायचं की नाही, हे ते डोळ्यांनी बघून ठरवणार होते. आणि बघतात तर पोरगी उन्हात उभी राहून जागा बदलते आहे.

"सर, हे कम्प्युटर हाय?"

"हो काका. लाइट नाही ना."

ते निंबाखाली बसले. मला वाटलं, गेली आपली संगीता. तिसऱ्या फेरीला त्यांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

"सर, थो निळ्या शर्टवाला चुकला. त्याची जागा अजून एक मांगं हाय."

बघितलं तर खरंच चुकला होता. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"चार-चार दिवस कापसाच्या गाडीवर रांगेत बसतो जी. कोन मधात घुसला ते मले झोपेतबी दिसते."

जाताना पोरीला एवढंच म्हणाले, "शीक. कामाचं हाय हे." मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी भारनियमनालाही मी शिव्या दिल्या नाहीत.

तेव्हापासून लाइट गेली की पोरं प्रोग्रॅम कागदावर चालवायची. मी नियम एकच घातला होता. जे लिहिलंय तेच चालवायचं. मशीन आपल्या मनाने काही सुधारत नाही, तर आपणही सुधारायचं नाही.

*

लाइट असली की वेगळे घोळ व्हायचे. प्रफुल्लने एकदा स्वतःचं नाव पडद्यावर आणायचा प्रोग्रॅम लिहिला आणि कुठे थांबायचं तेच सांगायला विसरला. पडदा नावाने भरला, वर सरकला, पुन्हा भरला. कोणतंही बटण दाबा, नाव चालूच. नामदेवभाऊ दाराशी स्टुलावर बसले होते.

"काय झालं बे?"

"भाऊ, हे थांबूनच नाई राह्यलं."

नामदेवभाऊ शांतपणे उठले आणि त्यांनी मेनस्विच खाली ओढला. आठही मशीन विझल्या. बाकी सात जणांचं तासाभराचं काम गेलं.

"थांबलं ना?" ते म्हणाले आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मग आमच्या लॅबची भाषाच तशी झाली. कागदावर एखादा प्रोग्रॅम संपेना, की वर्ग एका सुरात म्हणायचा, "याले नामदेवभाऊ लागते."

*

तिसऱ्या वर्षी सायबर सुरक्षेचा पेपर आला. मी प्रत्येकाला सांगितलं, असा पासवर्ड ठेवा की शेजाऱ्याला सात जन्मांत ओळखता येणार नाही. मग म्हणालो, आता एकमेकांचे ओळखून दाखवा.

पंकजच्या घरी बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्याने दहा मिनिटांत बाकीच्या सतरापैकी सोळा पासवर्ड ओळखले. मी थक्क झालो. विचारलं, कोणती युक्ती वापरलीस?

"युक्ती कायची सर? सगळ्यायनं बियाण्याच्या पाकिटावरचं नाव टाकलं. कोनाच्या वावरात कोनतं वाण हाय, थे आमच्याच दुकानातून गेलं ना."

"मग संगीताचा का नाही ओळखता आला?"

तो काही बोलायच्या आत संगीताच म्हणाली, "आमच्या बाबानं यंदा बियाणं नेरच्या दुकानातून आणलं सर."

*

आणि मग शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले, खुर्चीवर बसले आणि लाइट गेली. एक वाजला, दोन वाजले. त्यांना साडेतीनची बस पकडायची होती. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, वीज नसल्याने प्रात्यक्षिक परीक्षा होऊ शकली नाही. तो कागद विद्यापीठात गेला असता तर आमचा कारभार आटोपला असता. गावंडे मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. हातात टेप.

मी म्हणालो, "सर, माझी पोरं कागदावर प्रोग्रॅम चालवतात. तुम्ही कोणताही द्या."

"कागदावर?" ते हसले. पण तोच कागद उलटा करून त्यांनी मागच्या बाजूला घाईघाईने एक प्रोग्रॅम लिहिला. "सोपा देतो. एक ते दहा आकडे छापायचे. पडद्यावर काय दिसेल ते लिहा."

संगीता पुढे आली. तिने कागद नीट वाचला आणि उत्तरपत्रिकेवर लिहायला लागली. एक. खाली एक. त्याखाली एक. पान भरलं, उलटलं, मागचंही भरलं.

"सर, पुरवणी द्या ना."

परीक्षक डोकावले. "हे काय? दोन कुठे आहे?"

"आकडा वाढवाचं तुमी लिहिलंच नाई सर. जे लिहिलं थेच चालवून राह्यली मी."

"मला शिकवतेस?"

संगीताने मान खाली घातली, पण पेन थांबवलं नाही. नामदेवभाऊंनी तिला पुरवणी आणून दिली. तीही निम्मी भरली, तेव्हा लाइट आली.

परीक्षकांनी स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम टाइप केला, अक्षर अन् अक्षर कागदावरून बघून. पडदा एकच्या आकड्यांनी भरला. वर सरकला, पुन्हा भरला. त्यांनी आपला कागद उचलला, मागची बाजू वाचली, पुढची वाचली, आणि मधोमध फाडला. "बसवा सगळ्यांना," मला म्हणाले, "मी उशिराच्या बसने जातो." दारात गावंडे मॅडमनी टेप गुंडाळला.

मग ते मशीनकडे वळले. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, चार बटणं एकदम दाबली. पडद्यावर एक चालूच.

"हे थांबत कसं नाही?"

संगीता हळूच म्हणाली, "सर, याले नामदेवभाऊ लागते."

"नामदेवभाऊ? ते कोण?"

दाराशी स्टूल सरकल्याचा आवाज आला. नामदेवभाऊ उभे राहिले होते आणि त्यांचा हात मेनस्विचवर होता.

"बोला सर. बंद करू?"