न मिसळलेलं बी

संस्थान विलीन झालं तेव्हा मी ग्वाल्हेरला, दाल बाजारामागच्या सरकारी बियाणे-गोदामात नवखा कारकून होतो. गव्हाच्या सगळ्या जाती एकत्र ओता, असा नव्या कचेरीचा हुकूम गोदामाच्या कोठारावर मीच घेऊन गेलो. तिथला म्हातारा पहारेकरी संस्थानच्या फौजेतला. ती फौजही विलीन झालेली. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तळहातावर दाणा फिरवत तो म्हणाला, "राज्यं खुशाल एक करा, बाबूजी. बी मिसळू नका. दाणा आपले आई-बाप विसरत नाही."

हुकूम माझ्या खिशातच राहिला.

पुढच्या रब्बीत कोठारालगतचं, ते बी पेरलेलं शेत नव्या कचेरीच्या बड्या साहेबांनी पाहिलं. ओंब्या एकाच उंचीच्या, कवायतीला उभ्या असाव्यात तशा.

"बी कुठलं?" त्यांनी विचारलं.

पहारेकऱ्याने टाचा जुळवल्या. "इथलंच, हुजूर."