गालातला घास

माझ्या मुलीच्या गालात भाताचा एक घास किती वेळ राहू शकतो, हे मी पाहिलेलं आहे. सकाळी तिला भरवायला बसायचो, पहिला घास तोंडात जायचा. मग माझी दाढी, आंघोळ, डबा, बूट, सगळं आटपून मी कारखान्यात निघायला दारात उभा राहिलो तरी तिचा डावा गाल फुगलेलाच. चावायचं नाही, गिळायचं नाही, नुसतं माझ्याकडे टकामका बघायचं. अडीच वर्षांची पोर, पण हट्टीपणात थेट माझ्यावर गेलेली. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

खाण्याचे नखरे तिचे आधीपासूनचे. तिची आई होती तेव्हापासूनचे. जवाहरनगरला आमचं क्वार्टर आहे. मागे छोटंसं अंगण आणि त्यात एक जामाचं झाड. पेरूला आम्ही जाम म्हणतो. बायको तिला कडेवर घ्यायची आणि एक घास, झाडाला एक फेरी, असं तासभर चालायचं. मध्ये खार दिसली तर बरं, नाहीतर भिंतीवरची मांजर. वरण चाललं तर तूप चालायचं नाही. अंड्यातलं पांढरं खायची, पिवळं बोटाने बाहेर काढून ठेवायची. मुकाट्याने खायची ती एकच गोष्ट, मासा. बायको कारध्याची, नदीकाठची. गप्पा मारता मारता, ताटाकडे न बघता तिची बोटं काटे काढत जायची आणि पोरीचं तोंड आपोआप उघडायचं.

मला हे सगळं बघून चीड यायची. मी दमून घरी यायचो आणि ह्या दोघी झाडाभोवती फिरताहेत.

"लाडावून ठेवलं तू तिले," मी म्हणायचो. "दोन दिवस उपाशी ठेव, मंग पाय, गोटे खाते का नाई."

"मी कारध्याले गेली का ठेवा," ती म्हणायची. "माह्यासमोर नोको."

पोरीचं झालं की ती जेवायची. तिचं जेवण म्हणजे पोरीने टाकलेलं. मुलीचं ताट पुढे ओढायची, त्यात थोडी भाजी घालायची, की झालं. तिने स्वतःसाठी वेगळं ताट वाढून घेतल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा बघतच नव्हतो, असंही असेल. पोरीला मात्र ते पक्कं माहीत होतं. अर्धं खाऊन झालं की ती ताट ढकलायची आणि म्हणायची, "आई, घे." आपण सगळं संपवलं तर आई काय खाणार, एवढी अक्कल त्या वयात तिला होती. मला तो माज वाटायचा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी बायकोला कावीळ झाली आणि दहा दिवसांत ती गेली. त्या दहा दिवसांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडून टाकल्या. मला ते जमत नाही.

आसगावहून माझी आई आली. घरचे धान उभे होते, पण ती सगळं टाकून आली आणि इथेच राहिली. दिवस गावाला करायचे की इथे, यावर नातेवाइकांत थोडं बोलणं झालं. आईने सांगितलं, सून ज्या घरात राहिली तिथेच तिचं पान ठेवायचं. आमच्यात माणूस गेलं की तेरवीपर्यंत रोज संध्याकाळी त्याच्या नावाचं पान बाहेर ठेवतात. पळसाच्या पत्रावळीवर भात, वरण, घरात जे शिजलं असेल ते, आणि शेजारी पाण्याचा गडवा. आई ते पान जामाच्या झाडाखाली ठेवायची.

पहिल्याच दिवशी मुलीने विचारलं, "आजी, हे कोनाचं?"

"तुह्या आईचं हाये माय. आई जेवाले येते."

सकाळी उठून ती थेट मागे गेली. पान रिकामं होतं. कावळे असतील, खारी असतील. ती पळत आत आली. "आई जेवली!"

"हाव, जेवली," माझी आई म्हणाली. मीही म्हणालो. घरात तेरा दिवस माणसांची ये-जा होती, त्या सगळ्यांनी मान डोलावली. लहान लेकराला याहून वेगळं काय सांगायचं? त्या दिवसांत ती थोडंथोडं का होईना, जेवत होती. तेरवी झाली, माणसं गेली, पान ठेवणं थांबलं. ते थांबवताना कोणालाही काही वाटलं नाही. रीतच तशी आहे.

त्यानंतर पोरीचं जेवण बंद झालं. एक घास गालात धरायचा आणि बसून राहायचं. मी केळं दिलं, बिस्किट दिलं, मोबाईलवर गाणी लावून दिली. मासे आणून शिजवले. माझ्या जाड्या बोटांना काटा सापडला नाही, तिच्या घशाला लागला, ती खोकून खोकून लाल झाली आणि त्यानंतर माशाचा वास आला तरी पलंगाखाली जाऊन बसायला लागली. माझी आई दृष्ट काढायची, पेज करायची, पुढे बसून रडायची. पोरीच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, वजन फार उतरलंय, आणखी उतरलं तर भरती करावी लागेल. मी आत्ताच एकीला दवाखान्यात नेऊन रिकाम्या हाताने परत आलो होतो. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर ती माझ्या पुढ्यात बसली होती आणि मला तिचं वजनच जाणवत नव्हतं. मी फार घाबरलो होतो. आणि मी घाबरलो की मला राग येतो.

पुढच्या रविवारची गोष्ट. दुपारी मी तिला भरवत होतो. एक घास तोंडात गेला. मी पाणी घ्यायला वळलो तेवढ्यात ती उठली आणि मागच्या दाराने अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. ती जामाच्या झाडाखाली उकिडवी बसली होती. पुढे जामाचं एक पान नीट सरळ करून ठेवलेलं. गालात बोट घालून तिने तो घास बाहेर काढला आणि त्या पानावर ठेवला. आजूबाजूला अशीच पानं होती. एकावर वाळलेली शितं, एकावर अर्धं बिस्किट, एकावर केळ्याचा काळा पडलेला तुकडा. सगळ्यावर मुंग्या.

मला फक्त नासाडी दिसली. महिनाभर जीव जाळून भरवलेलं सगळं मातीत पडलेलं दिसलं. मी तिला थप्पड मारली. त्याच गालावर.

ती रडली नाही. दोन्ही हातांनी तिने ते पान झाकलं आणि म्हणाली, "नोको ना बाबा. आईचं हाये."

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"आजी देत नाई," ती म्हणाली. "आईले भूक लागली."

माझी आई दारात आली होती. तिनेही ते ऐकलं. तेव्हा कुठे मला समजलं. आजी पान ठेवत होती तोवर आई जेवत होती. आजीने पान बंद केलं, म्हणजे आई उपाशी. मग आईला कोण देणार? म्हणून ही स्वतःचा घास गालात धरून ठेवत होती, कोणी बघत नाही असं पाहून मागे आणून ठेवत होती. गिळला असता तर आईला काय उरलं असतं? हे सगळं तिला एकटीला सुचलं होतं आणि आम्ही दोन मोठी माणसं दृष्ट काढत बसलो होतो.

त्या संध्याकाळी माझी आई म्हणाली, "आपनच सांगतलं ना बाबू तिले. आता आपनच पान ठेवू. तिचं पान भरलं का इचं पोट भरते."

हे बरोबर नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पत्रावळ, पुन्हा गडवा. पोरगी कमरेवर हात ठेवून बघायची, वरण कमी दिसलं तर "अजून" म्हणायची. मग आत येऊन जेवायची. नखरे होते, अर्धं टाकायची, पण गिळायची. डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू द्या. थंडी सरेपर्यंत असंच चाललं.

आता लपवून काय करू, मलाही ते आवडायला लागलं होतं. कामावरून आलो की पान मीच वाढायचो. भाजी चांगली जमली असली तर थोडी जास्त. लिंबाची फोड बायकोला आवडायची, ती कडेला ठेवायचो. ती जिवंत होती तेव्हा मी तिला एकदाही ताट वाढून दिलं नव्हतं, आणि आता रोज झाडाखाली वाकून वाढत होतो. कधी कधी सकाळी रिकामं पान बघून मलाच बरं वाटायचं.

मग एका सकाळी मी दाढी करत असताना मागून किंकाळी आली. धावत गेलो. गल्लीतलं तांबडं कुत्रं भिंतीच्या खिंडारातून आत आलं होतं. पत्रावळीचं एक टोक त्याच्या तोंडात आणि दुसरं माझ्या पोरीच्या हातात.

"सोड! माह्या आईचं हाये! सोड!"

मी कुत्र्याला हाकललं. ती फाटक्या पत्रावळीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुत्रं जेवलं."

"आजच आलं गं ते मेलं," माझी आई घाईघाईने म्हणाली आणि तिने मला डोळ्यांनी खूण केली.

पोरगी माझ्याकडेच बघत होती. "रोज?"

पुन्हा एक थाप मारणं अवघड नव्हतं. पण उद्या ती कुत्र्याच्या तोंडात हात घालणार होती, परवा रात्रभर राखण करायला बसणार होती. तिकडे कारखान्याचा भोंगा वाजला. गालाला साबण तसाच ठेवून मी पायरीवर बसलो आणि तिला मांडीवर घेतलं.

"रोज," मी म्हणालो. "कधी कुत्रं, कधी कावळे."

"अन् आई?"

"आई येत नाई माय."

"काहून?"

घरात सगळे तिला 'देवाघरी गेली' असं सांगत होते, पण देवाघरून पाहुण्यांसारखं परतही येता येतं, असं तिला वाटलं असणार. म्हणून मी तो शब्द उच्चारला. "आई मेली. मेल्यावर येता येत नाई."

"तिले भूक लागली."

"नाई लागत. मेल्यावर भूक लागत नाई."

तिने विचार केला. "पानी?"

"पानी बी नाई लागत."

ती रडेल म्हणून मी तिला घट्ट धरलं होतं. ती रडली नाही. माझ्या गालावरचा साबण तिच्या केसांना लागला, तो मी पुसत बसलो. त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. दिवसभर तिने काहीही खाल्लं नाही, आणि मला वाटलं, आपण खरं बोलून पोर गमावली.

संध्याकाळी माझ्या आईने सवयीने पत्रावळ काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. मी पोरीचं छोटं ताट घेतलं. भात, तुरीचं वरण, बटाट्याची भाजी. ती पाट ओढून बसली. मला भरवू दिलं नाही. आपल्या हाताने कालवलं, घास घेतला, चावला, गिळला. मी गालाकडे बघत होतो. गाल फुगला नाही. दुसरा घास, तिसरा. वरण सांडत होतं, कोणी काही बोललं नाही. शेवटी तिने बोटाने ताटाची कड पुसून घेतली आणि रिकामं ताट माझ्याकडे फिरवून दाखवलं.

"सरलं," ती म्हणाली.

तिचं रिकामं ताट मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. 'आई, घे' म्हणून ढकलायला त्यात काहीच नव्हतं. मी शाब्बास म्हणालो. माझ्या आईने तोंडाला पदर लावला.

आता ती सगळं खाते. बांगड्या परत मनगटावर आल्या. शेजारणी विचारतात, कोणतं टॉनिक दिलं हो, आमच्या पोट्ट्यालेही सांगा. मी हसून वेळ मारून नेतो. कधी कधी मुद्दाम तिच्या ताटात एक मूठ भात जास्त वाढतो, थोडा तरी उरावा म्हणून. उरत नाही.