चंद्रोदय नाही

गेल्या हिवाळ्यात मी डोंबिवलीतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून बराचसा उत्तर युरोप पालथा घातला. मुलगी कोपनहेगनला नोकरी करते. "जूनमध्ये या तुम्ही दोघं. मी तीन आठवडे रजा टाकते, गाडी घेऊन अगदी वरपर्यंत जाऊ," असं ती म्हणाली आणि त्या 'वरपर्यंत'ने मला झपाटलं. डेन्मार्कहून पुलावरून स्वीडन, मग नॉर्वे, नॉर्वेच्या किनाऱ्याने थेट नॉर्थ केपचं टोक आणि परतताना फिनलंड. कामावरून आलो, चहा घेतला, की मी लॅपटॉप उघडायचो. नकाशात आता रस्त्यांचे फोटोही दिसतात. बाण दाबला की आपण जरासे पुढे सरकतो. मी तसा सरकत राहायचो. एका हाताला काळंशार पाणी, दुसऱ्या हाताला डोंगर, मधेच एखादं लाल लाकडी घर, अंगणात कुणीच नाही. खाली रिक्षा भांडत असायच्या, समोरच्या नव्या टॉवरवर सळ्या आदळत असायच्या, आणि मी एखाद्या बोगद्यातून बाहेर पडून निळसर उजेडात आलेला असायचो.

सकाळी कळव्याला जाताना कंपनीची बस शिळफाट्याला अडकली, की धुळीपलीकडे मला उंच, सरळ, काळी झाडं दिसायला लागली होती.

याचं मूळ शाळेत आहे. भूगोलाच्या सरांनी एकदा वर्गाच्या खिडक्या बंद करून पृथ्वीच्या गोलावर बॅटरी धरली होती. गोल फिरत राहिला, पण माथ्यावरचा एक तुकडा काही केल्या अंधारात जाईना. "इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही," सर म्हणाले. तो उजळ तुकडा माझ्या डोक्यात तेव्हापासून तसाच राहिला. नोकरी, घराचे हप्ते, आईवडिलांची दुखणी, सगळ्यात तो होता. कुणाला सांगावा असा नव्हता, म्हणून सांगितला नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "आज मुक्काम कुठे?"

"लिलेहामर."

"कोथिंबीर मिळते का बघून ठेवा."

तारखा ठरल्या त्या संध्याकाळी मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. बायको हात पुसत आली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उचलून तिने जून काढला. एका चौकोनावर बोट ठेवलं.

"ही संकष्टी. या दिवशी आपण कुठे असू?"

"नॉर्थ केपला," मी म्हणालो. माझ्या आवाजात ऐट होती, ती मला अजून ऐकू येते. "अगदी टोकावर."

"मग तिथला चंद्रोदय किती वाजता?"

मी शोधलं. तिथल्या वेळेच्या जागी नुसती रेघ होती. मुलीनेही तिकडे शोधून पाहिलं. "आई, त्या दिवशी तिथे चंद्र उगवतच नाही गं. क्षितिजाच्या खालूनच फिरतो."

"आणि सूर्य?"

"तो मावळत नाही."

बायकोने थोडा विचार केला. "छान गाव आहे," ती म्हणाली. "जाणारा जात नाही, येणारा येत नाही."

आम्ही हसलो, पण ती कॅलेंडरपाशीच उभी होती. मी म्हटलं, "डोंबिवलीची वेळ धर ना त्या दिवशी."

"मोहन्याला माहेरी असले तर मोहन्याचा चंद्र, गावी असले तर गावचा. आपण उभे असू तिथला. तिकडे जाऊन काय घड्याळाला नमस्कार करू?"

"आई, देव समजून घेईल."

"देवाचं मी बघते. हे माझं आहे." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दोघं जा. मी राहते इथे. राग नाही, खरंच."

तिला राग नव्हता हेच मला जड गेलं.

ही संकष्टी कशाची, ते सांगायला हवं. मुलगी वेळेच्या फार आधी जन्मली. कल्याणच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती, ओंजळीत मावेल एवढी. त्या काचेबाहेर उभी राहून बायको म्हणाली होती, "आपण दोघं संकष्टी धरू. ही आहे तोवर." मी मान हलवली. तेव्हा मी कशालाही मान हलवली असती. काही महिने मी उपास केला. मुलगी घरी आली, रांगायला लागली, आणि एका चतुर्थीला कंपनीच्या कँटीनमध्ये मी जेवून मोकळा झालो. घरी तसं सांगितलं. बायको "बरं" म्हणाली. त्यानंतर इतक्या वर्षांत दर संकष्टीला ती मला वेळेवर वाढते, मी बातम्या बघत जेवतो, आणि ती चंद्राची वाट बघते. एकदाही तिने ते बोलून दाखवलं नाही. दोघांचा नवस ती एकटी फेडत होती आणि मी त्याला 'हिचा उपास' म्हणायला शिकलो होतो.

त्या कॉलनंतर नकाशा उघडला, पण रस्ता पूर्वीसारखा सरकेना. मी आठवून पाहिलं: इतक्या संध्याकाळी मी ज्या गाडीतून हिंडलो, त्या गाडीत मी बायकोला कुठे बसवलं होतं? मुलगी चालवत होती. मी शेजारी. मागच्या सीटवर बॅगा दिसत होत्या.

पुढची संकष्टी आली. दिवसभर मी चहावर राहिलो. संध्याकाळी बायकोने नेहमीसारखं विचारलं, "वाढू?"

"थांबतो."

"पोट बिघडलंय का?"

"संकष्टी आहे ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कॅलेंडर वाचता यायला लागलं तुम्हाला," एवढंच म्हणाली आणि गॅस बारीक केला.

आमच्या बाल्कनीतला चंद्र त्या टॉवरने खाल्लाय, म्हणून ती हल्ली गच्चीवर जाते. हे मला माहीत नव्हतं. तिच्या मागोमाग मी चढलो. टाकीजवळ ती रोज बसत असावी अशा सवयीने कठड्यापाशी बसली. वाराही होता थोडा. मोहन्याच्या क्वार्टर्समध्ये तिची आई अशीच थांबायची, ती सांगू लागली. चंद्र कारखान्याच्या चिमणीमागून यायचा. धूर असला की पोरं ओरडायची, आला, आला, आणि आई म्हणायची, पूर्ण येऊ दे. मला ते सगळं दिसत होतं. चिमणी, नदी, भुकेलेली एक मुलगी. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा सांगितलं, की मी पहिल्यांदा ऐकलं, कोण जाणे.

"मी रस्ता बदललाय," मी म्हणालो. "त्या दिवशी आपण ऑस्लोच्या जवळ, एका तळ्याकाठी. तिथे चंद्र उगवतो. उशिरा, अगदी खालून, थोडाच वेळ. पण उगवतो."

"आणि तुमचं टोक?"

"ते नाही होणार. मग स्वीडनमधून बोटीने फिनलंड, आणि परत."

"सूर्य?"

"तिथे मावळतो."

हे म्हणताना वाईट वाटलं, ते लपवत नाही. मोठ्या मनाने वगैरे काही केलं नाही मी. तो उजळ तुकडा सोडताना आत कुठेतरी कुरकुरलोच. तिला ते कळलं असणार.

टॉवरच्या क्रेनशेजारून चंद्र आला, तांबूस, एका बाजूने झिजलेला. मी उठायला लागलो तर म्हणाली, "पूर्ण येऊ दे." मग तिने तांब्यातलं पाणी सोडलं, माझ्या हातावर चार अक्षता ठेवल्या. मला काय मागावं सुचेना. ज्याच्यासाठी मागायचं ते तर कोपनहेगनला नीट होतं.

खाली येऊन तिने पानं घ्यायच्या आधी मुलीला फोन लावला.

"त्या तळ्याकाठच्या घरात शेगडी कसली असते गं? चाळणी बसेल असं पातेलं असेल का?"

"कशाला, आई?"

"मोदकांना. नाहीतर मोदकपात्र इथून आणते. पिठी तर आणणारच आहे."

"आई, मोदकपात्र विमानातून?"

"मग काय तुझा बाबा डोक्यावर घेऊन चालत येणार?"

पलीकडून मुलगी खूप वेळ हसत होती. बायकोने फोन कानाला धरूनच माझ्या पानात भात वाढला. मी तिचं पान वाढून होईपर्यंत थांबलो.